नाव काढलं तर बुटात काय उरतं?

२ मार्च २०१८ ला धुळवड होती. त्याच मुहूर्तावर आदिदास कंपनीने अमेरिकन गायक-संगीतकार फॅरेल विल्यम्सच्या साथीने 'हू होली' नावाचे शूज आणि कपडे बाजारात आणले. एनएमडी, स्टॅन स्मिथ, टेनिस हू ही मॉडेल्स कंपनीकडे आधीपासूनच होती. त्यांच्यावर आता गुलाबी, पिवळा, निळा, हिरवा असे रंग एकमेकांत विरघळत उतरवलेले होते. याच मालिकेत एक पूर्ण पांढरा, कोरा प्रकारही होता. कल्पना अशी, की रंग घालणाऱ्याने स्वतः चढवावा. त्याच दिवसांत फॅरेल मुंबईत आला आणि रणवीर सिंगबरोबर होळी खेळला. फोटो जगभर गेले. अमेरिकेतल्या काही हिंदू मंडळींनी सणाचा बाजार मांडल्याचा आक्षेप घेतला. चार दिवस चर्चा झाली आणि शूज विकले गेले.

हे उदाहरण जुनं असूनही मी मुद्दाम घेतोय. कोलॅब शू, म्हणजे कंपनीने दुसऱ्या एखाद्या नावाबरोबर मिळून काढलेला बूट, या प्रकाराची चिकित्सा करायची तर त्यातले सगळे प्रश्न या एका जोडात सापडतात. तो दिसतो कसा, पायाला कसा लागतो, पैसे कशाचे द्यायचे आणि त्यावरचा रंग मुळात कोणाचा. आपल्याकडे आता कॉलेजच्या पोरांपासून चाळिशीतल्या नोकरदारांपर्यंत अनेकजण अशा जोडांवर दहा, वीस, पन्नास हजार रुपये घालतात. इतका पैसा जिथे जातो तिथे प्रश्न विचारायलाच हवेत. माझं म्हणणं थोडक्यात असं: दोन नावं एकत्र आली म्हणून बुटाची किंमत वाढू नये. दुसऱ्या नावाने त्या बुटात काहीतरी घातलं असेल, तर आणि तेवढीच वाढावी. आणि ते काय घातलं हे गिऱ्हाइकाला उघड सांगितलं पाहिजे.

आधी दिसण्याचं पाहू, कारण माणूस बुटाकडे पहिल्यांदा वळतो तो डोळ्यांनी.

होळीच्या त्या मालिकेतला मला आवडलेला जोड रंगीत नव्हता, कोरा होता. होळीचा रंग कुणी ठरवून अंगावर घेत नाही. तो दुसऱ्याच्या हातून येतो, हवा तिथे पडत नाही, आणि म्हणूनच त्यात मजा असते. तोच रंग कारखान्यात ठरवून, मापून बुटावर उतरवला की त्यातला दुसऱ्याचा हात निघून जातो. रंगसंगती सुंदर होती, हे मी मान्य करतो. पुसटसर, उन्हात विटल्यासारखी, डोळ्यांवर न येणारी. पण ती होळीची आठवण होती, होळी नव्हती. कोऱ्या जोडाची कल्पना खरी होती. तिची अडचण तिच्या किमतीत होती. आपण रंग खेळायला जुने कपडे काढतो. सहा-सात हजारांच्या, कधी त्याहून महाग जोडावर कोण रंग पडू देईल? कल्पना म्हणते वापर, किंमत म्हणते जप. या दोघींत किंमत जिंकली, आणि ते कोरे जोड बहुतेक ठिकाणी पांढरेच राहिले असणार.

त्याच महिन्याच्या शेवटी, २६ मार्च २०१८ ला, नायकेचा एक जोड आला. शॉन वॉदरस्पून हा अमेरिकेतला जुन्या कपड्यांचा व्यापारी, 'राउंड टू' या दुकानाच्या संस्थापकांपैकी एक. नायकेने लोकांच्या मतांवर एक स्पर्धा घेतली होती, त्यात त्याचं डिझाइन निवडलं गेलं. एअर मॅक्स ९७ चा वरचा भाग आणि एअर मॅक्स १ चा सोल यांची जोडणी, आणि वरचा सगळा भाग कॉर्डरॉय कापडाच्या रंगीबेरंगी थरांचा: पिवळा, गुलाबी, हिरवा, निळा. अमेरिकेत किंमत १६० डॉलर. रंगांची गर्दी होळीच्या जोडापेक्षाही जास्त, तरी मला हा जोड अधिक प्रामाणिक वाटतो. जुन्या, धुऊन-धुऊन मऊ झालेल्या कपड्यांत ज्याचं आयुष्य गेलं त्याने स्वतःच्या धंद्यातलं कापड बुटात आणलं. कॉर्डरॉयच्या कडा वापराने झिजतात, धागे निघतात, आणि तसं झाल्यावर तो बूट वाईट न दिसता अधिक चांगला दिसतो. म्हणजे बूट घालणाऱ्याला बक्षीस मिळतं आणि कपाटात ठेवणाऱ्याला काहीच मिळत नाही. दुसऱ्या नावाने बुटात काहीतरी घातलं, याचं याहून सरळ उदाहरण मला माहीत नाही.

उलट टोकाला मी २०२० चा 'चंकी डंकी' ठेवीन. बेन अँड जेरीज या आइसक्रीम कंपनीबरोबरचा, नायकेच्या एसबी या स्केटबोर्डिंगच्या मालिकेतला 'डंक' हा बूट. गाईच्या अंगावरच्या ठिपक्यांची लव, हिरवं कुरण, निळं आकाश आणि वितळून ओघळणारं पिवळं चिन्ह. मूळ किंमत १०० डॉलर. तो हसवतो, लक्ष वेधतो, लहान मुलाला दाखवला तर ते हरखून जाईल. पण यात आइसक्रीमच्या डब्यावरचं चित्र बुटावर आलं, एवढंच घडलं. डंक हा १९८५ चा, अमेरिकेतल्या कॉलेजांच्या बास्केटबॉल संघांसाठी केलेला बूट. पुढे स्केटबोर्डवाल्यांनी तो आपलासा केला आणि एसबी मालिकेत त्याची जीभ जाड झाली, आतला पॅड सुधारला. या सुधारणा आइसक्रीमच्या आधीच झाल्या होत्या. पायाला त्यातून नवं काहीच मिळालं नाही. शंभर डॉलरला त्यात काही चूक नव्हती. पुढे रीसेलच्या, म्हणजे विकत घेतलेले जोड पुन्हा विकण्याच्या, बाजारात त्याच्या कित्येक पट किंमत देणाऱ्यांना मात्र मी विचारीन, की नेमकं काय विकत घेतलंत?

रंगीत बूट घालण्याबद्दल एक व्यवहारातली गोष्ट. बूट जितका रंगीत तितके कपडे साधे हवेत, आणि बुटातला एखादाच रंग वर कुठेतरी, शर्टात किंवा मोज्यात, पुन्हा यावा. खाकी पँट, साधी जीन्स, पांढरा किंवा बदामी सुती कुर्ता यांच्यावर असे जोड फार छान दिसतात. डोक्यापासून पायापर्यंत सगळंच बोलायला लागलं की बुटाकडे कुणी बघत नाही. आणि कोकणातल्या तांबड्या मातीत किंवा कोल्हापूर-सांगलीच्या काळ्या चिखलात फिरायचं असेल तर फिकट रंगाचा विणलेला बूट घेऊ नये. तो डाग निघत नाही.

आता आराम. यावर कोलॅब शूजच्या बहुतेक परीक्षणांत दोन वाक्यं असतात आणि तीही पेटी उघडल्या-उघडल्या लिहिलेली. पाच मिनिटं घातलेला बूट आरामदायी आहे की नाही हे कुणालाही सांगता येत नाही. विरारहून चर्चगेटपर्यंत उभ्याने जा, पुलाचे जिने चढा-उतरा, दिवसभर काम करा, संध्याकाळी पाय थोडा सुजलेला असताना परत तोच बूट घालून बघा. मग बोला.

एनएमडीच्या बाबतीत माझं मत चांगलं आहे, आणि त्याचं श्रेय होळीला किंवा फॅरेलला जात नाही. त्याचा सोल 'बूस्ट' नावाच्या फोमचा आहे. बीएएसएफ या जर्मन रसायन कंपनीबरोबर आदिदासने तो विकसित केला आणि २०१३ मध्ये धावण्याच्या बुटात पहिल्यांदा आणला. प्लास्टिकचे बारीक दाणे फुगवून, वाफेने एकमेकांना चिकटवून तो बनतो. दाबला की दबतो आणि लगेच मूळ आकारात येतो. थंडी-उन्हाने त्याचा मऊपणा फारसा बदलत नाही. तासन्‌तास उभं राहणाऱ्याला या सोलचा फायदा खरोखर जाणवतो. वरचा भाग मात्र विणलेला. मोज्यासारखा बसतो, हवा खेळते, पण पाय आडवा घसरला तर त्याला धरून ठेवत नाही. बॅडमिंटनला तो नको, ट्रेकला तर मुळीच नको. आणि जुलैत मुंबईत तो आत-बाहेर भिजतो. एअर मॅक्स १ चा सोल टिंकर हॅटफील्डने १९८७ मध्ये केला. टाचेतली हवेची पिशवी खिडकीतून दिसावी, ही त्या काळातली मोठी कल्पना. आजच्या फोमपुढे तो कडक वाटतो. शिवाय वॉदरस्पूनच्या जोडातलं कॉर्डरॉय पाणी पितं आणि वाळायला वेळ लावतं. सुंदर बूट, पण आपल्या पावसाळ्याचा नाही.

म्हणजे बघा, या सगळ्या जोडांमध्ये आराम कुठून आला? जुन्या सोलमधून. ज्या अभियंत्यांनी, रसायनतज्ज्ञांनी तो बनवला त्यांची नावं पेटीवर नाहीत. नाव ज्याचं आहे त्याने पायाखाली काहीच बदललं नाही. हे असंच असतं असंही नाही. १९७३ मध्ये प्यूमाने न्यूयॉर्क निक्स संघाच्या वॉल्ट 'क्लाइड' फ्रेझर या बास्केटबॉलपटूच्या नावाने बूट काढला. आधीचा जोड त्याला जड आणि बोजड वाटत होता. त्याच्या सांगण्यावरून तो बदलला गेला, आणि पुढे सुएड या मऊ, लवदार चामड्यात कितीतरी रंगांत निघाला. रंगही आले आणि पायाची तक्रारही ऐकली गेली. पन्नास वर्षांपूर्वी हे जमत होतं तर आज का नाही?

आणि आपल्या पायांचं काय? चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने भारतीय पायांची पाहणी केली. देशातल्या ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक लोकांच्या पायांची मापं घेतली, आणि त्यावरून 'भा' नावाची भारतीय मापपद्धती सुचवली. आपले पाय ब्रिटिश-अमेरिकी मापांच्या हिशेबापेक्षा रुंद असतात, हा त्यातला एक ठळक निष्कर्ष. म्हणून आपण लांबीला एक नंबर मोठा बूट घेतो, मग टाच सटकते, लेस आवळतो, आणि पायाचा वरचा भाग दुखतो. ही गोष्ट घरोघरी आहे, फक्त तिला कुणी बुटाचा दोष मानत नाही, पायाचा मानतात. होळीच्या रंगाचे बूट भारतात आणले, भारतातल्या सणावर आणले, पण भारतीय पायाच्या रुंदीवर आणले नाहीत. माझा खरा आक्षेप इथे आहे. रंग घेतला, पाय नाही पाहिला.

त्याहून मोठी अडचण विक्रीच्या पद्धतीची आहे. असे जोड 'ड्रॉप' होतात: ठरलेल्या वेळी मोजके नग, बहुतेक वेळा ऑनलाइन सोडत. लागली तर लागली. घालून बघायची सोय नाही. स्वतःचा नंबर संपला म्हणून लोक अर्धा नंबर लहान किंवा मोठा घेतात आणि नशीब समजतात. कोल्हापुरात चप्पल घेताना आपण आधी पाय घालतो, दोन पावलं चालून बघतो, पट्टा टोचतो का ते सांगतो, कारागीर तिथेच सैल करून देतो. दोन-तीनशे रुपयांच्या रबरी स्लिपरलाही ही सोय आहे. वीस हजारांच्या बुटाला नाही. गिऱ्हाइकाने ही गोष्ट निमूट स्वीकारली, याचं मला फार वाईट वाटतं.

आता किमतीकडे येतो. नावाची किंमत किती असते, हे सहसा कुणी सांगत नाही. पण एकदा ती जवळजवळ उघड झाली. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकन रॅपर कान्ये वेस्टच्या ज्यूविरोधी वक्तव्यांनंतर आदिदासने त्याच्याशी असलेला 'यीझी' या बुटांच्या मालिकेचा करार तोडला. तेव्हा कंपनीने स्पष्ट केलं, की या बुटांच्या डिझाइनचे हक्क आपलेच आहेत. तेच बूट त्याचं नाव काढून विकता येतील असंही सांगितलं, आणि नाव नसेल तर रॉयल्टी आणि जाहिरातीपोटी सुमारे ३० कोटी युरो वाचतील असा हिशेबही मांडला. तोच सोल, तोच वरचा भाग, तोच कारखाना. फक्त नाव वजा. पुढे कंपनीने शिल्लक माल टप्प्याटप्प्याने विकला आणि उत्पन्नाचा काही भाग दान केला. मला त्या ३० कोटींचा आकडा महत्त्वाचा वाटतो. बुटाच्या बाहेर असलेल्या गोष्टीसाठी किती पैसा जातो, याचं ते कंपनीनेच दिलेलं माप आहे. आणि नाव एका रात्रीत नकोसं होऊ शकतं, हेही त्यातून दिसलं. सोल त्या रात्रीही तसाच होता.

यावर रीसेलवाले म्हणतील, बूट ही गुंतवणूक आहे. मी हे मानत नाही, आणि माझं कारण रसायनाचं आहे. बऱ्याच स्नीकर्सच्या, खासकरून जुन्या धाटणीच्या, सोलमध्ये पॉलियुरेथेन असतं. हवेतल्या ओलाव्याने त्याचं विघटन होतं. वापरा किंवा पेटीत ठेवा, काही वर्षांत तो सोल ठिसूळ होतो आणि एके दिवशी पाय टाकताच भुगा होऊन पडतो. मुंबई, रत्नागिरी, पणजीच्या दमट हवेत हे लवकर घडतं. बंद पेटीत ठेवणं तर याला मदतच करतं. चिकटवलेला गोंद सुटतो, पांढरा सोल पिवळा पडतो. सोनं, जमीन, मुदतठेव यांच्या रांगेत ज्या वस्तूला स्वतःच्या आयुष्याची मुदत आहे तिला बसवणं चुकीचं आहे. बूट चालण्यासाठी घ्यावा. विकून नफा झालाच तर तो सट्ट्याचा नफा समजावा, आणि तरुण मुलांना तसंच स्पष्ट सांगावं.

याच्याशी जोडलेला एक कायद्याचा प्रश्न मला गंभीर वाटतो, आणि त्यावर आपल्याकडे फारच कमी बोललं जातं. वेष्टनातल्या वस्तूंसाठी वैध मापन कायद्याखाली २०११ चे नियम आहेत. वेष्टनावर छापलेल्या कमाल किरकोळ किमतीपेक्षा, म्हणजे एमआरपीपेक्षा, जास्त दराने वस्तू विकायला ते मनाई करतात. रेल्वे स्टेशनवर पाण्याच्या बाटलीला पाच रुपये जास्त मागितले तर आपण भांडतो, तक्रार करतो, आणि ते योग्यच आहे. मग बंद पेटीतला, न वापरलेला, एमआरपी छापलेला बुटांचा जोड दुकानात किंवा ॲपवर दुप्पट-तिप्पट किमतीला विकला जातो तेव्हा? एखाद्याने स्वतःचा वापरलेला जोड मित्राला विकणं वेगळं. हाच ज्याचा धंदा आहे, त्याचं वेगळं. परदेशातून आणलेल्या जोडांवर आयातदाराचं नाव आणि एमआरपीचं लेबल हवं, ते असतं का? महाराष्ट्राच्या वैध मापन शास्त्र यंत्रणेने या बाजाराकडे एकदा नीट पाहावं आणि काय चालेल, काय नाही, हे लोकांना समजेल अशा भाषेत जाहीर करावं. नियम या धंद्याला लागू होत नसेल तर तसं सांगावं. लागू होत असेल तर अंमल करावा. एवढी वाढलेली बाजारपेठ संदिग्धतेवर चालू देणं बरोबर नाही. सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवर ५ टक्के आणि त्यावरच्यांवर १८ टक्के जीएसटी आहे. कर घेताना सरकार विक्रीच्या किमतीकडे बारकाईने बघतं. गिऱ्हाइकाच्या बाजूनेही तेवढ्याच बारकाईने बघावं.

इथे एका गोष्टीबद्दल मला स्वतःची भूमिका ठामपणे मांडायची आहे. 'आजकालच्या पोरांना बुटांचं वेड लागलंय' अशी जी टीका घराघरांत होते, तिच्यात मी सामील नाही. महाराष्ट्रातल्या गावांमध्ये दलितांनी वरच्या जातीच्या वस्तीतून जाताना पायातली वहाण हातात घ्यायची, ही सक्ती फार जुन्या काळातली नाही. कित्येक घरांत आजोबांनी ती भोगली आहे. चामडं कमावणारे हात ज्यांचे, त्यांच्याच पायांना चप्पल घालायची मोकळीक नव्हती. त्या घरातला नातू आज लखलखीत रंगीत बूट घालून रस्त्याने ताठ चालतो, तेव्हा त्या बुटाला एक अर्थ असतो, आणि तो आरामाच्या किंवा टिकाऊपणाच्या तक्त्यात बसत नाही. शिक्षण घेताना, पहिली नोकरी लागल्यावर मनाजोगा जोड घेण्यातला अभिमान मला पूर्ण समजतो. उलट त्या मुलाच्या बाजूने उभं राहूनच मी म्हणतोय, की त्याच्या कष्टाच्या पैशाला पुरेपूर मोल मिळालं पाहिजे. त्याला घालून बघता आलं पाहिजे, त्याच्या पायाच्या रुंदीचा बूट मिळाला पाहिजे आणि छापलेल्या किमतीत मिळाला पाहिजे. त्याच्या अभिमानावर दुसऱ्या कुणी मधल्यामध्ये नफा काढू नये. याच फटीतून 'फर्स्ट कॉपी'चा बाजारही वाढतो. खरा जोड हाताबाहेर गेला की मुलगा नकली घेतो, आणि नकली सोलचा त्रास गुडघ्यांना होतो.

आता शेवटचा प्रश्न, रंग कोणाचा. होळीचे रंग कुणा एकाच्या मालकीचे नाहीत, ते फॅरेलने वापरले याचं मला दुःख नाही. सण वाटून घेण्यासाठीच असतात. पण जिथे रंगामागे, नक्षीमागे, आकारामागे हयात घालवणारे कारागीर आहेत तिथे हिशेब बदलतो. २०२५ मध्ये नायकेने 'नॉरब्लॅक नॉरव्हाइट' या दिल्लीच्या लेबलबरोबर बांधणीवरून प्रेरणा घेतलेले रंगीत कपडे आणि शूज आणले. भारतीय नाव जोडीला आलं, भारतीय वंशाच्या डिझायनरांच्या हातून काम झालं, ही होळीच्या जोडापेक्षा नक्कीच पुढची पायरी आहे. मला त्याचा आनंद आहे. पण बांधणी कच्छ-सौराष्ट्रात आणि राजस्थानात नखाने एकेक चिमूट कापड बांधून होते. पेटीवर त्यांचा उल्लेख कुठे येतो, हा प्रश्न तिथेही उरतो.

कोल्हापुरीच्या बाबतीत हा प्रश्न आपण विचारला, म्हणून काहीतरी घडलं. जून २०२५ मध्ये मिलानमध्ये प्राडा या महागड्या इटालियन फॅशन कंपनीने पुरुषांच्या कपड्यांच्या शोमध्ये हुबेहूब कोल्हापुरी वाटणाऱ्या चपला दाखवल्या, कोल्हापूरचं नाव न घेता. या चपलेला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात येतात. इथून ओरड झाली. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने पत्र पाठवलं आणि प्राडाने मूळ भारतीय कारागिरीत असल्याचं मान्य केलं. डिसेंबर २०२५ मध्ये प्राडा, आपलं संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि लिडकर हे कर्नाटकचं चर्मोद्योग महामंडळ यांच्यात करार झाल्याचं जाहीर झालं: भारतात बनलेले २००० जोड, प्रत्येकी सुमारे ८०० युरो, म्हणजे ८० हजार रुपयांच्या वर, विक्री फेब्रुवारी २०२६ पासून. शिवाय कारागिरांना प्रशिक्षण.

दोन नावं एकत्र येण्याचा हा प्रकार मला आइसक्रीमवाल्या बुटापेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो, कारण इथे दुसऱ्या बाजूने येणारी गोष्ट म्हणजे स्वतः चप्पलच आहे. पट्टा, वेणी, कमावलेलं चामडं, पायाखालचा आकार, सगळं तिकडूनच येतं. म्हणून हिशेबही कडक हवा. २००० जोड गुणिले ८०० युरो म्हणजे १६ लाख युरो. चामडं कमावणाऱ्याला, तळ शिवणाऱ्याला, वेण्या ओवणाऱ्या बाईला एका जोडामागे किती मिळाले, हे दोन्ही महामंडळांनी जाहीर करावं. दोन्ही सरकारी आहेत, त्यांना ते लपवायचं कारण नाही. ज्या गावात, ज्या वस्तीत तो जोड बनला त्याचं नाव पेटीवर छापावं, प्राडाच्या नावाखाली, तेवढ्याच आकाराच्या अक्षरांत.